फाटकाच्या आतली ड्रायव्हर

हेझलटन शहरातल्या एका गोदामाच्या फाटकावर मी बसते. ट्रेलर आला की नंबर टिपायचा, दांडी वर करायची; गेला की पुन्हा वर करायची. बेल्किससाठी मात्र दांडी उचलायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तीही ड्रायव्हरच, हेवी लायसन्सवाली, पण तिची गाडी कुंपणाच्या आतच फिरायची. बाहेरच्यांनी आणून टाकलेले ट्रेलर उचलायचे, माल उतरवायला गोदामाच्या दारांना लावायचे, रिकामे झाले की ओढून कुंपणाशी उभे करायचे. दिवसभर हेच.

बेल्किस पेगेरो आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, वडिलांबरोबर. आम्ही सगळे मूळचे समुद्रापलीकडच्या बेटावरचे, बानी गावाकडचे; इथे पोटासाठी आलेले. मटणाच्या कारखान्यात गारठ्यात मांस कापून कापून तिची बोटं आखडायला लागली, तेव्हा तिने ड्रायव्हिंगच्या शाळेत नाव घातलं. पहिल्या फटक्यात पास झाली. तिच्या वडिलांनी, एलीहिओकाकांनी, त्या दिवशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने रेडिओ लावला होता. ते स्वतः तिकडे गावी बानी ते ओकोआ घाटातून मिनीबस चालवायचे. आता साखरेने डोळे गेलेत. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन लागतं, आणि ते बेल्किसशिवाय कुणाला टोचू देत नाहीत.

लायसन्स मिळालं, पण काम मिळेना. संध्याकाळी घरी परतता येईल असं काम मागितलं, की जो तो दोन वर्षांचा अनुभव मागायचा. नवख्यांना फक्त लांब पल्ल्याच्या कंपन्या घेत होत्या. एकदा निघालं की कित्येक आठवडे घर नाही.

"जा तू," काका म्हणाले. "मी काय तान्हा आहे?"

ती एका कंपनीला हो म्हणणार, त्याच आठवड्यात काका स्वयंपाकघरात घामाने निथळत पडलेले सापडले. इंजेक्शन झालं होतं आणि जेवायचे राहिले होते. बेल्किसने मग लांबच्या कामाचं नाव काढलं नाही.

यार्डातलं, म्हणजे आमच्या कुंपणाच्या आतलं, काम मीच सुचवलं. आमचा साहेब कर्टिस माणूस वाईट नव्हता. "वर्षभर इथे हात बसू दे," तो तिला म्हणाला होता, "मग तुला जवळच्या दुकानांची फेरी देतो. सकाळी जा, संध्याकाळी ये."

वर्ष गेलं. तिने विचारलं तेव्हा मी फाटकाच्या खोलीतच होते.

"मी शब्द टाकला होता," कर्टिस म्हणाला. "पण विमावाले म्हणतात, यार्डातलं काम अनुभवात धरत नाहीत. रस्त्यावरचं लागतं."

"मग मी इतके दिवस काय करत होते?"

"यार्ड सांभाळत होतीस. उत्तम सांभाळलंस. म्हणून तर तुला हलवायला जीव होत नाही."

ती परत गाडीत जाऊन बसली आणि एक ट्रेलर दाराला लावला.

त्यानंतर ती येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारायला लागली, तुमच्याकडे नवीन माणूस घेतात का? कुणी हसायचे, कुणी फोन नंबर द्यायचे आणि तो लागायचा नाही. शेवटी लमार योस्ट नावाचा एक म्हातारा भेटला. त्याच्या पुतण्याची दगडखाण होती डोंगरापलीकडे. खडी भरायची, रस्त्याच्या कामांवर ओतायची, संध्याकाळी घरी.

"अनुभवाचं मी बघतो," लमार म्हणाला. "आधी गाडी चालवून दाखव."

तिने सुट्टी काढली. जाताना माझ्या हातचं मांगू, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, आणि तळलेलं चीज खाऊन गेली. दुपारीच परत आली आणि थेट जिना चढून वर गेली. मी मागोमाग गेले, तर काकांच्या खाटेवर बसलेली.

"काय झालं गं?"

"चढ चढले," ती म्हणाली. "उताराला लागले आणि पायाला काही कळेना. मागून खडी ढकलतेय, बाजूने गाड्या सुसाट जातायत. इतके महिने मी माणसाच्या चालीने गाडी चालवतेय, नोएमी. मी ब्रेकवर पाय ठेवला तो उचललाच नाही. गिअर खाली घ्यायचा हे शाळेत शिकले होते, ते आठवलंच नाही. धूर यायला लागला. लमार म्हणाला, बाजूला घे. उरलेला घाट त्याने उतरवला."

"रागावला?"

"नाही ना. 'वसंतात ये' म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं." मग ती हळूच म्हणाली, "मला वाटायचं कुंपण बाहेर आहे."

काका इतका वेळ भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "चढली होतीस ना ज्या गिअरमध्ये, त्यातच उतरायचं असतं. एवढंही शिकवत नाहीत तुमच्या शाळेत?"

"बाबा, आज नको."

"नोएमी, तुझी ती खटारा हातगिअरची आहे ना?"

माझ्या गाडीला खटारा म्हटलेलं मला आवडलं नाही, पण हो म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. पुढे बापलेक, मागे मी, क्लचच्या काळजीने जीव मुठीत धरून. शहर संपून रस्ता खाली दरीत उतरतो तिथे काका म्हणाले, "थांब. दुसरा टाक. आता ब्रेकला पाय लावायचा नाही."

"मागे गाड्या आहेत, बाबा. हॉर्न मारतायत."

"मारू देत. त्यांना घाई आहे, तुला नाही. इंजिन काय म्हणतंय?"

"ओरडतंय."

"ओरडू दे. ते ओरडतंय तोवर गाडी तुझ्या हातात आहे. गप्प झालं की घाबर. आता ब्रेक एकदा दाब, सोड. दाबून नाही ठेवायचा, पोरी. सोड म्हणतो ना."

खाली पोचलो तेव्हा तिच्या पाठीला घाम होता. काकांनी कॉफी मागितली, ती पांचट आहे म्हणून कुरकुरले, आणि परत वर चढायला लावलं. सबंध हिवाळा, रस्ता मोकळा असेल त्या रविवारी, ते असंच करत राहिले. काका फार शिव्या द्यायचे. एकदा तर ती गाडी बाजूला लावून रडली, आणि काका शांतपणे म्हणाले, "रड. पण हँडब्रेक ओढून रड."

वसंतात ती पुन्हा खाणीवर गेली. या वेळी भरलेली गाडी तिने सबंध घाट उतरवली, आणि लमार शेजारी बसून सफरचंद खात होता. पण पुतण्याने तोवर दुसरे दोघं ठेवले होते. एवढंच म्हणाला, "शनिवारी माणूस कमी पडतो. येशील?"

ती हो म्हणाली.

आता शनिवारी पहाटे काकांना टोचून ती खाणीवर जाते आणि अंधार पडायच्या आत येते. केसांत पांढरी धूळ असते. काका तिला कोणत्या वळणावर काय केलं ते विचारतात आणि प्रत्येक उत्तरात खोड काढतात.

सोमवारी ती परत आमच्या कुंपणात. परवा डबा खाताना मी विचारलं, "ते शनिवार तरी अनुभवात धरतात का?"

"धरतात," ती म्हणाली. "पण आठवड्यात एकच येतो."

"म्हणजे दोन वर्षं भरायला—"

"मोजू नकोस," ती म्हणाली. "मी मोजून पाहिलंय."

तिकडून कर्टिसने हाक मारली, एका दाराचा ट्रेलर रिकामा झाला होता. तिने डब्याचं झाकण लावलं आणि गेली.