सत्काराची दुपार

जयवंताबाईने दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास चमच्याने उचलला आणि गिरिधर सरांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्याशी नेला. उजवी बाजू लुळी पडल्यापासून त्या बाजूने दिलेलं सगळं बाहेर ओघळायचं. सर घास तोंडात धरून बसले. ती थांबली. बाहेर मोटारीचं दार वाजलं, तरी तिने मान वळवली नाही.

"गिळा," ती म्हणाली. "केदार आला वाटतं."

सरांच्या गळ्याची गाठ वरखाली झाली. मग तिने दुसरा घास भरला.

केदार दारात उभा होता. पुण्याहून पहाटेच निघाला होता. बापाला कायमचं घेऊन जायचं होतं, म्हणून मोटारीची मागची सीट त्याने आधीच आडवी करून ठेवली होती. खोलीत यायला त्याला वसतिगृहाच्या लांब हॉलमधून यावं लागलं. तिथल्या लोखंडी खाटा एकीवर एक रचून भिंतीला लावल्या होत्या. शेवटची मुलं मागच्या आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत गेली होती. अंबड रस्त्यावरची ही अपंग मुलांची निवासी शाळा आता बंद झाली होती.

हॉलच्या कोपऱ्यात प्रेमला जमिनीवर बसून मुलांचे कॅलिपर, पायांना बांधायचे लोखंडी आधार, जोडीजोडीने सुतळीने बांधत होती. ती इथलीच जुनी विद्यार्थिनी, आणि आता इथली शेवटची शिक्षिका. तिचा स्वतःचा डावा पाय पट्ट्यांत आवळलेला, समोर सरळ पसरलेला होता.

"हे कुणाला देणार, प्रेमलाताई?" केदारने येता येता विचारलं होतं.

"कुणाला लागणार? एवढुशा पायांचे आहेत," ती म्हणाली होती. "पोलिओची पोरं राहिलीत कुठं आता."

ते खरंच होतं. पोलिओ गेला, आणि त्याच्यामागे हळूहळू शाळाही रिकामी होत गेली. नंतरच्या वर्षांत वेगळ्या आजारांची मुलं आली, पण थोडी. शिक्षक निवृत्त होत गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. लकव्याने सरांची वाचा गेली, तेव्हा शाळेसाठी मुंबईला खेटे घालणारंही कुणी उरलं नाही.

शाळेचा इतिहास केदार लहानपणापासून ऐकत आला होता. जुन्या जालन्यात एका धान्याच्या व्यापाऱ्याने मागचं गोदाम दिलं, तिथे मिरच्यांच्या ठसक्यात पहिली तुकडी बसली. सर सायकलवरून गावोगाव जायचे. आईबाप पांगळं पोर आतल्या खोलीत लपवून ठेवायचे, आणि सर अंगणात बसून राहायचे. पोर बाहेर आणल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. मग पायांच्या शस्त्रक्रियांचं शिबिर झालं. रांगणारी मुलं उभी राहिली, त्यांचे फोटो छापून आले, आणि त्या फोटोंच्या जोरावर ही जागा मिळाली, ही इमारत उभी राहिली. प्रत्येक वर्धापनदिनाला सर हे सांगायचे. शेवटी जयवंताबाईला मंचावर बोलवायचे, साडी आणि नारळ द्यायचे. म्हणायचे, या माउलीचं एकुलतं एक लेकरू गावाकडे तापाने गेलं, आणि ती इथे येऊन सगळ्या लेकरांची आई झाली. लोक टाळ्या वाजवायचे. जयवंताबाई नारळ ओटीत धरून खाली बघत उभी राहायची.

केदार खाटेच्या कडेवर बसला. इतक्या लांब गाडी चालवताना तो हेच जुळवत आला होता, ते त्याने आता म्हटलं.

"मावशी, तुमच्यासाठी जे बोलावं ते कमीच आहे. स्वतःचं मूल गावाकडे तापाने गेलेलं, तरी तुम्ही इथे..."

"गावाकडं न्हाई गेला," जयवंताबाई म्हणाली.

तिने चमचा वाटीत ठेवला आणि पदराच्या टोकाने सरांची हनुवटी पुसली.

"म्हणजे?"

"गोदामात गेला. आपरेशनानंतर. तिसऱ्या दिवशी." तिचा आवाज चढला नाही. "शहागडापासून पाठीवर आणल्तं मी त्याला. त्याचा बा, धुळाजी, न्हाई म्हणत व्हता. त्याचं म्हणणं, मेंढरामागं न्हाई चालला तर न्हाई, घोंगडीवर बसून राहील. मीच म्हणलं, सर उभं करतेत पोरांला."

केदारने बापाकडे पाहिलं. सरांचे डोळे वाटीवर होते.

"मग बाबा असं का सांगायचे?"

"त्या दिशी म्हणले, जयवंता, हे बाहेर गेलं तर उद्या एकबी लेकरू इथं ऱ्हायचं न्हाई. समदे आपापलं पोर उचलून नेतील. मी म्हणलं, बराबर हाय." तिने हॉलच्या दिशेने हात केला. "बराबरच निघालं ते. ही बघ, चालती. नौकरी करती. लेकरंबाळं झाली तिला. न्हाई तर उंबऱ्यावर बसूनच जिंदगी गेली असती."

प्रेमलाच्या हातातली सुतळी थांबली होती.

"आणि तुम्ही इतकी वर्षं..." केदार म्हणाला. "तुम्ही माफ केलंत बाबांना."

जयवंताबाई पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली.

"कोण म्हणलं?"

ती भाकरीचा एक तुकडा बोटांत चुरू लागली.

"धुळाजीनं परत घरात घेतलं न्हाई, ते तर हायच. मेंढरं घेऊन निघून गेला, मंग दुसरी केली म्हणून ऐकलं. पण काम मला दुसरीकडं बी घावलं असतं. मी इथंच ऱ्हायले. रोज सकाळी चहा घेऊन म्होरं जायचे. बघू दे म्हणलं, मी हाय अजून. येक दिवस म्हणतील. लोकांत नगं, टाळ्यांत नगं. मला एकटीला. तुझा सुग्रीव म्हणून. नुसतं नाव जरी घेतलं असतं तरी..." तिने तुकडा वाटीत टाकला. "आता तर वाचाच गेली."

सरांच्या घशातून आवाज आला. लांबट, ओला. शब्द असेल किंवा नुसता श्वास असेल. जयवंताबाई चमचा तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. पुन्हा काही आलं नाही. तिने वाटी खाली ठेवली.

"सुग्रीव माझ्या शेजारच्या खाटेवर होता," प्रेमला हॉलमधून म्हणाली.

ती भिंतीला धरून उठली. कॅलिपरची कडी खटकन बसली. दारापर्यंत येऊन ती चौकटीला टेकून उभी राहिली.

"तुला काय आठवणार?" जयवंताबाई म्हणाली. "एवढीशी व्हतीस."

"आठवतं, मावशी. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या तुकडीतल्या सगळ्यांना. तुमच्यापाशी कुणी कधी बोललं नाही, एवढंच. जालन्यात कुणाचं लग्न असलं, एकत्र जमलो, तरी त्याचं नाव निघतं. मग आम्ही गप्प होतो."

"नाव निघतं?"

"निघतं."

जयवंताबाईने खाटेचा दांडा धरला आणि ती तिथेच खाली बसली.

"मला जाऊ दिलं न्हाई त्या दिशी त्याच्यापशी," ती म्हणाली. "म्हणले, झोपलाय. जेवायला लई माणूस हाय, पुऱ्या तळायला बस."

"डॉक्टरांचा सत्कार होता," प्रेमला केदारला म्हणाली. "बाहेरगावचे डॉक्टर होते, त्यांना निरोप द्यायचा होता. मागच्या अंगणात मांडव घातला होता. सगळी मोठी माणसं तिकडे गेली. आमच्यापाशी एक बाई ठेवली होती, तीही हार आणायला म्हणून गेली. पत्र्याचं छप्पर, नुसती भट्टी झाली होती. सुग्रीव पाणी मागत होता."

"मंग?" जयवंताबाई म्हणाली. "दिलं का कुणी?"

प्रेमलाने आपल्या पायाकडे पाहिलं.

"माठ दाराशी होता, मावशी. आम्ही सगळे कमरेपासून प्लास्टरात. माझे तर दोन्ही पाय. कुणालाच उठता येत नव्हतं."

बाहेर रस्त्यावरून कापसाने फुगलेला एक टेम्पो गेला, खिडकीचं तावदान थरथरलं.

"आम्ही ओरडत होतो," प्रेमला म्हणाली. "सगळे मिळून. बबलू म्हणून एक मोठा मुलगा होता, तो खाटेचा दांडा वाजवत होता. पण तिकडे माइक लावलेला. सर बोलत होते, टाळ्या पडत होत्या. आम्हाला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. आमचं तिकडे काही पोचत नव्हतं."

जयवंताबाई फरशीकडे बघत होती. तिचा उजवा हात मांडीवर अगदी हळू पुढेमागे होत होता, पुरी लाटावी तसा.

"सैपाकाची चूल गोदामाच्या भिंतीलाच व्हती," ती म्हणाली. मग तिचा हात थांबला. "तो गलका तुमचा व्हता, मंग."

प्रेमलाने चौकट सोडून एक पाऊल पुढे टाकलं.

केदार उठला. त्याने बापाच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचललं. सर अपेक्षेपेक्षा हलके होते. त्यांचा डावा हात जयवंताबाईच्या दिशेने पुढे आला, हवेत उघडला. ती खाली बसलेली होती. तिला तो दिसला नाही, किंवा दिसला असेल. मावशींनाही पुण्याला घेऊन जायचं, बाबांची सवय त्यांनाच आहे, असं केदारने घरी ठरवून ठेवलं होतं. ते त्याने विचारलं नाही. तो बापाला घेऊन हॉलमधून चालत गेला. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, मग फाटकाबाहेर वळल्याचा.

प्रेमला जयवंताबाईच्या शेजारी बसायला लागली. तिला वेळ लागला; आधी कडी सोडवावी लागली, मग एका हातावर भार द्यावा लागला. जयवंताबाई नेहमी तिचा दंड धरायची; आज तिने धरला नाही.

"प्रेमला."

"अं."

"मला हाक मारत व्हता का गं तो?"

प्रेमला खिडकीबाहेर पाहत राहिली. अंगणात घसरगुंडी होती, तिच्या बाजूला मुलांना धरून चढता यावं म्हणून लावलेले दोन बुटके कठडे. त्यांचा रंग कधीच गेला होता.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "शुद्धीवरच कुठं होता तो. ग्लानीत होता."

जयवंताबाईने मान हलवली.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि प्रेमलाच्या पायाचा सैल पडलेला पट्टा ओढून नीट बसवू लागली.