दीड फूट पाणी

त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात धरण निम्म्याहून बरंच वर भरलेलं होतं. आमच्याकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो. नोव्हेंबरात एक मोठा येऊन गेला होता, तेवढाच. तरी शहरातल्या ऑफिसातून दर वर्षीसारखा आदेश आला: पुरासाठी जागा मोकळी ठेवायची, पातळी हिवाळी रेषेपर्यंत खाली आणायची. म्हणजे सात फूट पाणी नदीला सोडून द्यायचं.

मी तेव्हा ब्रायरच्या धरणावर नोंदी ठेवण्याचं काम करायचे. रोज सकाळी पर्जन्यमापक बघायचा, तलावाची पातळी लिहायची, फोन घ्यायचे. गेट चालवायचा ऑरिन स्टॅडलर. वय त्रेसष्ट, त्यातली एकतीस वर्षं याच धरणावर गेलेली. बोलायला कमी आणि चालायला हळू, पण गेटच्या चाकावर हात ठेवला की किती पाणी जातंय ते मीटर न बघता सांगायचा.

आदेश आला त्याच दिवशी दुपारी अल्बर्टिना फागुंदिश आली. धरणाच्या खाली तिच्या नाशपातीच्या बागा होत्या, आजोबांनी लावलेल्या. ती आणि ऑरिन एका वर्गात शिकलेले. येताना ती डब्यात केलची पालेभाजी आणि सॉसेज घातलेलं सूप घेऊन आली, आणि डबा टेबलावर ठेवायच्या आधीच बोलायला लागली.

"ऑरिन, ते पाणी सोडू नकोस."

"आदेश आहे."

"आदेश देणारा कुठे बसतो माहितीये ना? डोंगराच्या पलीकडे. त्याच्या खिडकीबाहेर रोज पाऊस पडतो. त्याला वाटतं सगळीकडे पडतोय."

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. आमच्या पश्चिमेला जो डोंगर आहे त्याच्या समुद्राकडच्या उतारावर वर्षाला सत्तर इंच पडतो, आणि आमच्या बाजूला वीस आला तर लोक खूश असतात. माझी बहीण किनाऱ्यावर राहते. तिच्या बुटांना कपाटात बुरशी येते, आणि आमच्या अंगणात त्याच दिवशी धूळ उडत असते. मध्ये अंतर तासाभराचं.

"चौसष्टचा पूर विसरलीस का?" ऑरिन म्हणाला.

"तेव्हाही मी याच घरात होते. विसरेन कशी? पण आभाळ बघ जरा."

आभाळ निरभ्र होतं. ऑरिननं बघितलं. संध्याकाळी चार वाजता त्यानं गेट उघडलं. पुढचे नऊ दिवस पाणी खाली जात राहिलं, आणि सूपाचा डबा त्यानं धुऊन माझ्याकडे परत द्यायला दिला. स्वतः गेला नाही.

मग पाऊस आलाच नाही. जानेवारीचे एकतीस दिवस मी सकाळी मापक उघडला आणि एकतीस दिवस शून्य लिहिलं. एकदा आत मेलेली माशी निघाली, एवढंच काय ते. खोऱ्यात सकाळी धुकं बसायचं, नऊला उठायचं, आणि मग दिवसभर लख्ख ऊन. पहाटे पाणी गोठायचं. तलावाचा उतार उघडा पडत चालला, होडीचा धक्का चिखलात जाऊन बसला.

लोक बोलायला लागले. जेवायला जातो त्या ठिकाणी ऑरिनच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. एका सकाळी धरणाच्या कुंपणाला कुणीतरी रिकामी बादली टांगून ठेवली होती. ऑरिननं ती काढली, आत आणून ठेवली, आणि फरशी पुसायला वापरायला लागला. मला वाईट वाटत होतं, पण त्याला काय वाटतं ते विचारायची सोय नव्हती. एकदाच म्हणाला, "रोवेना, पूर आला असता तर हीच माणसं मला मिठ्या मारत आली असती. नाही आला, हा माझा गुन्हा." आणि वर्तमानपत्र उघडलं.

फेब्रुवारीच्या पाचव्या दिवशी एक पाऊस झाला. चांगला होता, दोन इंचाच्या वर. तलाव हळूहळू चढला आणि हिवाळी रेषेच्या दीड फूट वर येऊन थांबला. तीन दिवसांनी शहरातून केंडलचा फोन आला. केंडल तिथला इंजिनीअर, तरुणच म्हणायचा, बोलायला सभ्य. त्याच्या नकाशावर समुद्रावरून आणखी एक मोठं वादळ येताना दिसत होतं. शुक्रवारपर्यंत ते दीड फूट सोडा, म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. ऑरिन खिडकीपाशी उभा होता.

"मिस्टर स्टॅडलर, ऐकताय ना?"

"ऐकतोय. गेट अडकलंय," ऑरिन म्हणाला. "पावसात ओंडके वाहून आलेत. दांडा हलत नाही."

"कधीपासून?"

"सकाळपासून. मी बघतो काय करता येईल ते."

केंडल म्हणाला, दुरुस्तीला माणसं पाठवायला सोमवार उजाडेल, तोवर तुम्ही प्रयत्न करा. फोन बंद झाला. मी ऑरिनकडे बघत होते. सकाळीच आम्ही दोघांनी गेट दोन इंच उघडून बंद केलं होतं, दर महिन्याला करतो तसं. लोण्यासारखं फिरलं होतं.

"मी नोंदीत काय लिहू?" मी विचारलं.

"गेट अडकल्याचं ऑरिननं सांगितलं, असं लिही. तेवढं खरं आहे. खोटं तू लिहायचं नाहीस."

"आणि पाऊस आला तर?"

"आला तर आला."

पण तो नुसता बसून राहिला नाही. त्यानं ड्रॉवरमधून नदीकाठच्या रस्त्यावरच्या घरांची यादी काढली, चौतीस घरं, आणि एकेक फोन नंबर चालू आहे का ते मला तपासायला लावलं. शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगून व्यायामशाळेची किल्ली मागून घेतली. कारण कुणालाच सांगितलं नाही. पाणी वाढायला लागलं तर गेट उघडायचं, आणि तरी आवरलं नाही तर त्या चौतीस घरांना आधी उठवून व्यायामशाळेत हलवायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही त्याच्या पिकअपमधून खिंडीवर गेलो. वरून दोन्ही बाजू दिसतात. पश्चिमेला काळं, जमिनीपर्यंत टेकलेलं. झाडांचे शेंडेही दिसत नव्हते, आणि वाऱ्याबरोबर पाण्याचा वास येत होता. मागे वळून बघितलं तर आमच्या खोऱ्यात ऊन पडलेलं, अल्बर्टिनाच्या बागेतली उघडी झाडं रांगेनं दिसत होती. आम्ही गाडीत बसून कॉफी प्यायलो. ढग डोंगरमाथ्यावर येऊन अडले, तिथेच रिकामे होत राहिले. अकराच्या सुमाराला काचेवर दहा-बारा थेंब पडले.

"एवढाच येणार बहुतेक," मी म्हटलं.

"अजून दोन दिवस आहेत," तो म्हणाला.

ते दोन दिवस तो धरणावरच राहिला. रविवारी मी मापक उघडला तेव्हा आत तीन दशांश इंच होतं. तलाव बोटभर चढला होता. मी आकडा सांगितला. ऑरिन खुर्चीवर बसला आणि तोंडावर दोन्ही हात ठेवून बराच वेळ तसाच राहिला. आनंद झाल्यासारखं काही दिसलं नाही. दमलेला होता.

त्यानंतर जो पाऊस गेला तो नोव्हेंबरपर्यंत.

सोमवारी केंडल स्वतः आला, बरोबर एक मेकॅनिक. मेकॅनिकनं चाक फिरवलं आणि गेट वर आलं. त्यानं पुन्हा फिरवलं, खाली गेलं. ओंडके कुठे नव्हते. केंडल माझ्याकडे वळला.

"हे खरंच अडकलं होतं का?"

मी काही बोलायच्या आतच ऑरिन म्हणाला, "तिला विचारू नका. अडकलं नव्हतं. मी खोटं बोललो."

केंडलनं पाण्याकडे बघितलं. "वादळ इकडे आलं असतं तर?"

"तर काय, ते मला माहितीये. तुमच्याआधी माहितीये."

"तुम्हाला अंदाज होता का, येणार नाही म्हणून?"

"नाही," ऑरिन म्हणाला. "अंदाज-बिंदाज काही नव्हता. इकडे दहातली आठ वादळं अशीच पलीकडे संपतात. उरलेली दोन कुठली ते मलाही कळत नाही. नशीब होतं."

मला वाटलं होतं तो थोडी तरी स्वतःची बाजू मांडेल. केंडलनंही वाट बघितली असावी. शेवटी त्यानं सगळं लिहून घेतलं. मेच्या अखेरीस ऑरिनला निवृत्त करायचं ठरलं, शांतपणे, बातमी न करता. तोवर गेटला हात लावायचा नाही.

मार्चमध्ये नाशपातीला कळ्या आल्या आणि नेमकी तेव्हाच थंडी परतली. अकरा पहाटा दंव पडलं. अशा वेळी झाडांवर पाणी फवारत राहावं लागतं, म्हणजे कळ्यांवर बर्फाचं पातळ कवच बसतं आणि आतला जीव वाचतो. ते फवारायला जे पाणी मिळालं ते त्या दीड फुटातलं, कारण रेषेखालचं गावाच्या पिण्यासाठी राखलेलं असतं. वरच्या बागांना पुरलं. कालव्याच्या शेवटाकडच्यांना शेवटचे तीन दिवस मिळालंच नाही, त्यांच्या कळ्या काळ्या पडल्या. गावाला उन्हाळाभर एक दिवसाआड पाणी आलं, पण आलं.

गेटची गोष्ट मी अल्बर्टिनाला एप्रिलमध्ये सांगितली. सांगायला नको होतं कदाचित, पण लोक अजून ऑरिनकडे बघून मान फिरवत होते आणि मला ते सहन होईना. ती ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी धरणावर आली. मला वाटलं आभार मानेल.

"रोवेना म्हणते ते खरं का?" तिनं विचारलं.

"हो."

"मग डिसेंबरमध्ये का नाही अडकलं तुझं गेट? तेव्हा सात फूट होतं. कालव्याच्या टोकाला माझ्या भावाची बाग आहे, ऑरिन. सगळी गेली."

ऑरिननं तिच्याकडे बघितलं. रागावला नाही. "डिसेंबरमध्ये मलाही वाटलं होतं, येईल पाऊस," तो म्हणाला. "दर वर्षी येतो. तू म्हणालीस तेव्हा मी आभाळ बघितलं, आणि तरी वाटलं, येईल."

अल्बर्टिना पायरीवर बसली. तो तिच्या शेजारी बसला. दोघं म्हातारी माणसं, समोर तो चिखलाचा काठ. ती म्हणाली, "मलाही वाटलं होतं, खरं सांगायचं तर. मी तुझ्याशी नुसती भांडत होते."

"माहितीये."

"पुन्हा असं करशील?"

"नाही," तो म्हणाला. "वादळाचे ते तीन दिवस पुन्हा नाही काढता येणार मला."

जूनमध्ये ऑरिन उत्तरेला ऑरेगनमध्ये बहिणीकडे राहायला गेला. सामान फारसं नव्हतंच, पिकअपमध्ये मावलं. त्याच्या जागी माणूस नेमला नाही. गेट आता शहरातून बटणावर चालतं. मला ठेवलंय, कारण मापक अजून कुणाला तरी उघडावा लागतो. केंडलनं हिवाळी रेषेचा नियम बदलायचा अर्ज वर पाठवलाय असं तो म्हणतो. आभाळ बघून ठरवायचं, तारखेवर नाही, असं काहीतरी. उत्तर यायचंय.

ऑरिनचा फोन अधूनमधून येतो. गेल्या आठवड्यात आला तेव्हा म्हणाला, तिकडे नऊ दिवस सलग पडतोय, बहिणीच्या तळघरात पाणी शिरलंय, दोघं मिळून उपसतोय.

"कंबर दुखते गं," तो म्हणाला. "तुझ्याकडे काय?"

मी सांगितलं, आज एक दशांश.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ तळघराच्या पंपाबद्दल बोलत राहिला, तो कसा मधूनच बंद पडतो आणि तिथे चांगला मेकॅनिक कसा मिळत नाही ते.