एव्हाल्डची उडी

एव्हाल्ड क्रेतला एकदा तरी खाणकामगार म्हणवून घ्यायचं होतं. म्हातारपणी काय एकेक खूळ! सायलेशियातल्या त्या कोळशाच्या खाणीच्या फुटबॉल क्लबसाठी त्यानं बारा वर्षं गोल मारले. खाणीच्या हजेरीपटावर नाव होतं, पगारही तिथूनच, पण खाली तो एक दिवस उतरला नाही. तेव्हा सगळ्याच खेळाडूंचं तसंच चालायचं. गुडघे मात्र दोन्ही कामातून गेले.

आता खाण बंद व्हायची होती. संत बार्बारा म्हणजे खाणवाल्यांची रक्षणकर्ती; तिच्या सणाची ही शेवटची मेजवानी. रीत अशी, की बिअरचा मग रिकामा करायचा आणि दोघांनी आडव्या धरलेल्या चामड्याच्या पट्ट्यावरून उडी मारायची. मग माणूस खाणवाल्यांतला. बंद पडणाऱ्या खाणीत नवा गडी कुठून यायला? एव्हाल्ड एकटाच उभा राहिला.

"बघा, आपला सेंटर फॉरवर्ड!" कुणीतरी ओरडलं. "चेंडू आणू का रे?"

एव्हाल्ड चरफडला. चाळीस वर्षं हेच. रस्त्यात, दुकानात, अहो, बायकोच्या मयतालासुद्धा चेंडूच!

चामड्याचं एक टोक टेओनं धरलं होतं. टेओ शाळेपासूनचा दोस्त. छातीत कोळशाची धूळ बसलेली. एव्हाल्डनं बिअरचा मग संपवला, पुढे आला, तोच टेओनं आपलं टोक जमिनीवर ठेवलं. समोरच्यानंही ठेवलं.

"हे काय? वर धर!"

"पडशील, लेका. ओलांड नुसतं."

"दया नको दाखवू मला! सगळ्यांसाठी धरता तेवढंच धर. पडेन नाहीतर मरेन, तुझ्या बापाचं काय जातं?"

टेओला खोकल्याची उबळ आली. ती सरल्यावर त्यानं तोंड पुसलं.

"हजेरी तुझी लागायची," तो म्हणाला, "आणि तुझ्या वाटणीचा कोळसा आमची टोळी काढायची. तुझं ओझं उचलून हात भरून आलेत माझे, एव्हाल्ड. आता हेही मीच उचलून धरू?"

एव्हाल्डला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं कधी विचारलं नव्हतं, एवढंच. संताप असा आला की टेबल उलथून टाकावं. पण काढायचा कुणावर? तोंडाशी आलेली शिवी त्यानं गिळली.

मागे फिरावं तर इतक्या माणसांसमोरून. शेवटी त्यानं एक पाय उचलला, मग कण्हत दुसरा, आणि जमिनीवरचं चामडं ओलांडलं.

सगळा हॉल उठून ओरडला, "गोऽऽल!"