तिसऱ्या तारेची उंची

खांदा कॉलनीतल्या त्या घरात दुपारपासून एकच स्वर जन्माला येत होता आणि मरत होता. कृष्णकांत इलेक्ट्रिक गिटारची तिसरी तार दाबून बोटाने वर खेचायचे. स्वर डौलात चढू लागायचा आणि अर्ध्यावरच टर्र करून गप्प व्हायचा.

"अहो, त्याला जरा विश्रांती द्या," शशिकलाबाई वाल सोलता सोलता म्हणाल्या.

"विनोद नकोत. पाचला हरेश येतोय."

रोडपालीच्या हरेशच्या मुलीची, मनस्वीची, आज हळद होती. बेंजोवाला हात मोडून बसला, तेव्हा हरेशनेच गळ घातली होती. "काका, नवरी मांडवात येतानाचा लांब सूर तुमीच काढा. नाय जमला तर कीबोर्ड हायच." सत्तरीत गिटार शिकलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. कृष्णकांतांनी सगळ्या इमारतीला आमंत्रण देऊन टाकलं होतं.

"गेल्या आठवड्यापर्यंत तर नीट वाजत होतं. मग काय केलंत?"

"बोटं दुखायची, म्हणून तारा खाली घेतल्या. पट्टी लावून सहाही अगदी एका रेषेत आणल्या."

शशिकलाबाईंनी वालाचं ताट बाजूला सारलं. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फोन जोडणारे रिले दुरुस्त केले होते. हजारो रिले दिवसभर पावसासारखे टकटकायचे आणि त्या गदारोळातही कुठल्या रिलेची फट कमी झालीय, ते त्यांना नुसत्या कानाने कळायचं. साहेब म्हणायचे, शशिकलाबाई रजेवर गेल्या की पनवेलचे फोन रुसतात. फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा अजून शिवणयंत्राच्या खणात होता.

गिटार खिडकीपाशी नेऊन त्यांनी एक डोळा मिटला आणि गिटारच्या मानेच्या टोकाकडून आडवं पाहिलं.

"अहो, जन्मभर रस्त्यांचे नकाशे काढलेत ना तुम्ही? रस्ता मधोमध कसा असतो?"

"किंचित उंच. पाणी दोन्हीकडे जायला."

"मग ही तारांखालची पट्टी बघा."

कृष्णकांतांनी पाहिलं. तारांखालची लाकडी पट्टीही मधोमध फुगीर होती. तारा सरळ रेषेत आणल्यामुळे मधल्या तारा तिला जवळजवळ चिकटल्या होत्या. तिसरी खेचली की ती त्या उंचवट्यावर सरकायची, पट्टीवरच्या पुढच्या धातूच्या पडद्याला टेकायची आणि स्वर तिथेच मरायचा.

"कॅम्बर," ते हळूच म्हणाले. "रस्त्याचा फुगवटा. मी कॅम्बर विसरलो!"

"आता सरकारी रस्त्यासारखी नुसती बिलांत दुरुस्ती दाखवू नका म्हणजे झालं. ती बारकी किल्ली द्या."

मधल्या दोन तारांखालचे स्क्रू बाईंनी थोडे थोडे फिरवले, प्रत्येक वेळी पातं सरकवून फट पाहिली. कृष्णकांतांनी तार पुन्हा सुरात लावून खेचली. स्वर स्वच्छ चढला. पण ते कळवळले.

"तार आहे की कुंपण! बोट कापलं जातंय."

"जास्त झालं. पाव फेरा मागे घेते."

बाईंनी किल्ली फिरवली, तेवढ्यात बेल वाजली. हरेश आत आला तो उभ्यानेच म्हणाला, "काका, टेम्पो खाली हाय. तुमचा सूर ऐकवा, नायतर मी पोराला कीबोर्डवर बसवतो."

कृष्णकांतांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती किल्ली हातात धरून निवांत उभी होती, जशी कधीकाळी फोन सुरू झाल्यावर उभी राहायची. त्यांनी तार दाबली आणि खेचली. स्वर चढला, वर पोचला आणि तिथेच थरथरत थांबला. हरेश चपला काढून सोफ्यावर बसला.

"आता काकी, तुमी पण चला. मधेच बिघडला तर?"

मांडवात मनस्वी पिवळ्या साडीत आली आणि कृष्णकांतांनी तो सूर धरला. धरला तो सोडेचनात. नवरी मधोमध थांबली, ढोलकीवाला हात वर करून ताटकळला, बायका हसू लागल्या. शेवटी शशिकलाबाईच गर्दीतून ओरडल्या, "अहो, सोडा आता! पोरीला हळद लागायचीय!"