थोरलीचं दुखणं

साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडाला लावली. चार वर्षांच्या शिवतेजचा मेंदू. गेल्या साली अंगणभर पळणारं पोर आता मान धरत नव्हतं, आईला हाक मारायचंही विसरलं होतं. वर्षभर सगळ्या भावकीचे सल्ले ऐकून झाले होते, नजर लागलीय, लाड नडले, पायाला तेल लावा. म्हणे तेल लावा! दुखणं बसलं होतं मेंदूत.

"ही जागा बघा, दोन्हीकडं सारखीच पांढरी झालीय," बाई म्हणाल्या. "मेंदूतल्या तारांवरचं आवरण झिजतंय. रक्त तपासून पक्कं करू. पण हे आई-बाप दोघांकडून येतं. तुमचं लग्न नात्यातलं?"

"मामाची पोरगी हाय," जयराज म्हणाला.

"घरात असं कुठलं मूल गेलंय?"

"न्हाई."

संयोगिता फिल्मकडं बघत राहिली. आपल्याला रडू फुटेल असं तिला वाटलं होतं, पण आत काहीच हललं नाही.

जयराज रक्ताच्या चिठ्ठ्या घेऊन खाली गेला. बाहेर बाकावर सासू आक्काताई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. सासू म्हणजे संयोगिताची सख्खी आत्याच. बाजाराची यादी वाचावी तसं संयोगितानं तिला सगळं सांगितलं. आक्काताईनं नातवाची लटकलेली मान दंडावर घेतली.

"माझी थोरली बी अशीच गेली," मग ती म्हणाली. "जयराजच्या आधीची. तापानं गेली म्हणून सांगितलं समद्यास्नी."

"माझ्या आबांना बी?"

"तुझ्या बापाला कळलं असतं तर दिली असती का तुला माझ्या घरात?"

एवढ्यावर तरी थांबावं माणसानं. पण नाही. "वैशाखात उत्कर्षा यायची हाय. तवर कुणाला बोलू नगंस," म्हणाली. उत्कर्षा संयोगिताची धाकटी बहीण, याच घरात धाकट्या दिराला द्यायची ठरलेली. सुपारी फुटून महिना झाला होता.

संयोगिताला संताप यायला हवा होता. तोही आला नाही. तिनं आटपाडीला वडिलांना, दादासोंना, फोन लावला.

"आबा, उत्कर्षाचं लग्न थांबवा."

"का गं? पोराचं काय निघालं?"

तिनं फोन आत्याच्या कानाला लावला आणि तसाच धरून ठेवला. पलीकडून आबा हॅलो हॅलो करत होते. आक्काताईनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. संयोगितानं हात काढला नाही.

"दादासो," शेवटी आक्काताई म्हणाली, "माझी थोरली तापानं न्हाई गेली रं."