ट्यूब ज्याची त्याला

आमचे हे बँडमध्ये ट्रंपेट वाजवतात. समोरचा दात हलायला लागला तेव्हा यांच्या तोंडचं पाणीच पळालं. तो दात पडला की ट्रंपेट खुंटीला.

दातांच्या दवाखान्यात हिरड्यांची सूज उतरवणाऱ्या नव्या औषधाची चाचणी चालली होती. माझ्याही हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून दोघांनी नावं दिली. डॉक्टरबाईंनी प्रत्येकाला नंबर लावलेली ट्यूब दिली. म्हणाल्या, "काहींत औषध आहे, काहींत नुसती जेल. कुणाची कुठली, ते मलाही माहीत नाही."

महिन्याभरात माझं रक्त थांबलं. यांचा दात जैसे थे. मला मेलीला कुठे ट्रंपेट वाजवायचाय? मी गुपचूप दोन्ही ट्यूबांची लेबलं सोलून अदलाबदल केली. यांना पत्ता नाही.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी बोथट सळईने हिरडीखालची फट मोजली. यांची सात मिलिमीटरवरून चारवर आली होती, दातही घट्ट. सगळ्या चाचणीत इतका चांगला आकडा कुणाचाच नव्हता. बाई एकदम खुलल्या. मग माझी पाळी आली. त्यांनी दोनदा मोजलं.

"तुमचं तर कमी झालं होतं, पुन्हा वाढलं कसं? घरी काही बदललं का?"

"छे," म्हणून मी मोकळी झाले. खोटं बोलताना माझी जीभ कधी अडखळत नाही.

"मग तुमच्या ट्यूबमध्ये औषध निघालं, तर त्याचा गुण टिकत नाही, असंच ठरेल," बाई म्हणाल्या आणि वहीत आकडा लिहायला वाकल्या. पाच वर्षं घातली होती त्यांनी या औषधात. खरं सांगितलं तर ट्यूब जाणार, ट्यूब गेली की दात जाणार.

"बाई, लेबलं मी बदललीत."

यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पदरात तोंड लपवलं. बाई ओरडल्या नाहीत. पट्टी लावून त्यांनी आमच्या दोन्ही ओळी लाल पेनाने खोडल्या.

"यांची तरी ठेवा की. सगळ्यांत चांगली आहे."

"चांगली म्हणून ठेवली, तर उद्या वाईट आलेल्याही खोडाव्याशा वाटतील मला."

ट्यूबा जमा झाल्या. सगळं संपलं असं समजून आम्ही उठलो, तर बाई यांना म्हणाल्या, "मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत येत जा. मी हाताने साफ करीन."

वर्षभर त्या बाईने आपला डबा बाजूला ठेवून यांच्या हिरड्या साफ केल्या. दात टिकला, हे वाजवताहेत. आमच्यापायी दोन माणसं कमी पडली म्हणून चाचणी मात्र लांबली. बाईंनी त्याबद्दल एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. अशी माणसं मी फार पाहिली नाहीत.

म्हणून दर मंगळवारी मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसते. चाचणीला नवी जोडी आली की बायकोला आधी बाजूला घेते आणि सांगते, नवऱ्याचा पुळका आला तर त्याचे पाय चेप, ट्यूबला हात लावू नकोस.