धुलाईयंत्रातली अवदसा

पुसदच्या त्या गल्लीत, एसटीतून निवृत्त झालेले चालक उत्तमसिंग राठोड यांच्या अंगणात, माणसे देवापुढे बसावीत तशी कपडे धुण्याच्या मशीनपुढे मांडी घालून बसली होती. मशीन घरातून ओढत बाहेर आणले होते. त्याची वायर खिडकीच्या गजांतून आत गेली होती आणि पाण्याची नळी शेवग्याच्या बुंध्याला वळसा घालून आली होती. माथ्यावर झेंडूचा हार, बटणांच्या पट्टीवर कुंकवाची बोटे, आणि पोटातल्या गोल काचेआडून येणारा एक वास.

त्या वासाला नाव देणे कठीण होते. पावसाळ्यात विसरलेले पायमोजे, फुलदाणीतले शिळे पाणी आणि कुठल्याशा बंद खोलीची उदासी यांचा तो त्रिवेणी संगम होता. या मशीनमधून निघालेला सदरा घालून उत्तमसिंग भजनाला गेले, तर शेजारचा टाळकरी दर अभंगाला एक वीत दूर सरकत असे. शेवटच्या आरतीपर्यंत तो मंडपाबाहेर पोचलेला असे.

मशीनशेजारी उभे होते परमपूज्य फेनानंद महाराज. अंगावर पांढरेशुभ्र धोतर, खांद्यावर त्याहून शुभ्र उपरणे, आणि वाणी अशी की ऐकणाऱ्याने अर्थ विचारण्याआधीच मान हलवावी.

"माउलींनो, तुम्ही याला मशीन म्हणता. मी म्हणतो, हे भवचक्र! कपडा आत जातो, गरगर फिरतो, पिळला जातो, बाहेर येतो. जन्म, संसार, वार्धक्य, मोक्ष! आणि जिथं चक्र, तिथं चकवा. या ड्रमच्या मागं जी पोकळी आहे, तिथं अवदसा अंडी घालते."

"अंडी?" पुढे बसलेल्या भीमसिंगने विचारले. हा उत्तमसिंगांचा चुलतभाऊ. महाराजांना घरी आणणारा तोच.

"सूक्ष्म अंडी."

"म्हंजे दिसत नाई?"

"सूक्ष्म म्हटलं ना!"

भीमसिंगचे समाधान झाले. न दिसणाऱ्या वस्तूबद्दल एवढ्या खात्रीने बोलणारा माणूस खोटे कशाला बोलेल?

महाराजांची ही दुसरी फेरी होती. पहिल्या वेळी त्यांनी ड्रममध्ये मूठभर पांढरी विभूती टाकली होती, गरम पाण्याचे बटण दाबले होते, आणि या घराने आजवर न पाहिलेले काळे, चिकट, फेसाळ पाणी नळीतून बाहेर पडले होते. वास खरोखरच गेला. निघताना महाराजांनी मशीनच्या दाराला लाल दोरा बांधून बजावले होते, "धुण्यापुरतं दार उघडा, एरवी घट्ट बंद. उघडं दिसलं की अवदसा पुन्हा शिरेल." घराने आज्ञा पाळली. काही आठवड्यांतच वास परतला, आणि माहेरपण करून आल्यासारखा अंगाने भरून परतला.

माहेराचा विषय त्या घरात सध्या नाजूक होता. मशीन धाकट्या सुनेसोबत, रंजितासोबत, लग्नात आले होते. घराची ती शान. सासू सुखीबाईंनी त्याच्यासाठी आरसे लावून, रंगीत दोऱ्यांनी भरून एक झूल शिवली होती. नवरीच्या घुंगटासारखी ती रात्रंदिवस मशीनला जमिनीपर्यंत झाकून असे. पाहुणे आले की झूल दाखवली जाई, मशीन नव्हे. पण वास सुरू झाला आणि सुखीबाईंच्या तोंडची भाषा बदलली. "मायरचं मशीन, मायरचीच घाण," त्या येताजाता म्हणू लागल्या. रंजिताचा नवरा ओम नागपूरला नोकरीला. त्याने फोनवर एवढेच सांगितले होते, "बापू म्हनतीन तसं कर."

म्हणून आज रंजिताची बॅग उंबऱ्याशी भरून ठेवलेली होती. पाण्याने कौल दिला, की दिग्रसच्या बसने तिने माहेरी जायचे होते, आणि परत कधी यायचे ते महाराज सांगणार होते. वासामुळे माहेरी आलेल्या मुलीला चारचौघांत काय म्हणतात, हे तिला पुरेपूर ठाऊक होते. ती खांबाला टेकून उभी होती. रडत नव्हती, सासू, सासरे आणि महाराज यांच्याकडे आळीपाळीने बघत होती.

महाराजांनी विभूती टाकली, बटण दाबले. मशीन घुमू लागले. "ॐ घूर्णाय नमः, ॐ फेनाय नमः!" मशीनच्या मोटारीनेही खर्जात साथ दिली. मग नळीचे तोंड बादलीत सोडले गेले, आणि करड्या पाण्यावर काळे पापुद्रे तरंगत आले. बायकांनी पदर नाकाला लावले.

"वास परतला, म्हणजे अवदसेला घरातलं कुणीतरी बोलावतं आहे," महाराज म्हणाले. "कोण, ते पाणीच सांगेल. सुनेचा रुमाल आणा."

रंजिताचा पांढरा रुमाल त्यांनी तळहातावर पसरला, झोळीतल्या भंडाऱ्याची पिवळी चिमूट त्यावर चोळली, डोळे मिटले आणि रुमाल बादलीत बुडवला. वर काढला तेव्हा पिवळ्याच्या जागी लालभडक डाग पसरला होता.

"रगत!" कोणीतरी ओरडले.

सुखीबाईंनी कपाळावर हात मारला. उत्तमसिंगांनी मान खाली घातली. आयुष्यभर घाटातल्या वळणांवर गाडी सांभाळणाऱ्या त्या माणसाला या वळणावर ब्रेक सापडेना. "ऑटो बोलाव," ते भीमसिंगला हळूच म्हणाले.

त्याच वेळी शेजारच्या घरातल्या उमेरा मॅडम फाटक लोटून आत आल्या. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या उमेरांच्या खिडकीतून हे अंगण नाटकाच्या रंगमंचासारखे दिसत असे, आणि आजचा प्रयोग त्यांनी पहिल्या घंटेपासून पाहिला होता.

"काकी, हे काय करून राह्यले?"

"अवदसा काढून राह्यले महाराज," सुखीबाई म्हणाल्या. "तू दूर राह्य बेटा, तुले लागंन."

"मले लागून गेली ना काकी! मागल्या महिन्यात आमच्या मशीनीले बी असाच वास होता. आता तुमची अवदसा भिंत चढून आमच्याकडं आलती का आमची तुमच्याकडं गेलती, थे विचारा महाराजले."

अंगणात हशा पिकला. महाराजांनी गंभीर हात उंचावला. "मुली, अवदसेला धर्म नसतो."

"बुरशीलेही नसते, महाराज." उमेरा बादलीजवळ आल्या. "तुमचं पाणी खरं बोलते ना? मंग एकाच रुमालावर कौल कसा घेता? परीक्षा घ्याची तं सगळ्यायची घ्या. तुमचं उपरणं द्या."

"माझं उपरणं? हे मंत्रसिद्ध आहे."

"मंग तं काहीच होनार नाई त्याले," भीमसिंग उत्साहाने म्हणाला. "द्या ना महाराज! शुद्ध मानसाले भेव कायचं?"

भक्ताच्या भक्तीसारखा धोका दुसऱ्या कशात नसतो. भीमसिंगने ते मंत्रसिद्ध उपरणे प्रेमाने खांद्यावरून ओढून उमेरांच्या हाती दिलेसुद्धा.

उमेरांनी त्याचे एक टोक तसेच कोरे बुडवले. ते मळकट झाले, बाकी काही नाही. मग दुसऱ्या टोकावर महाराजांच्याच झोळीतली पिवळी चिमूट चोळली आणि तेही त्याच पाण्यात बुडवले. लालभडक.

पुढच्या रांगेतल्या माना लांब झाल्या. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "महाराज, तुमचं मायेर कोन्तं वं? दिग्रसची बस लागलीच हाये!"

आता हसू आवरेना. उमेरांनी रंजिताचा रुमाल उचलला, सुखीबाईंच्या स्वयंपाकघरातून आणवलेले लिंबू कापले आणि लाल डागावर पिळले. डाग विरघळत, कडेकडेने, पुन्हा पिवळा झाला.

"रगतावर लिंबू पिळलं तं रगताची हळद होते का काकी?"

सुखीबाई त्या डागाकडे टक लावून पाहत होत्या. मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "आवं माय! लग्नातल्या हळदीच्या लुगड्याले साबन लावला का असंच लाल होते!"

"वरनाच्या डागाले बी," दुसरी म्हणाली.

"पोरायच्या शर्टाले तं रोजच!"

अंगणातल्या प्रत्येक बाईने हे आपल्या हातांनी शेकडो वेळा पाहिले होते. साबणाचा, सोड्याचा हात लागला की हळद लाल होते आणि आंबट लागले की परत येते. या मातीत धुणे धुणाऱ्या हाताला हे सांगावे लागत नाही. पण मंत्र सुरू झाला की हातांनी शिकलेले डोके विसरते. भीती ही अशी शाई आहे. ती सांडली की आधी लिहिलेले सगळेच पुसट होते.

"पन उमेरा बेटी," उत्तमसिंगांनी विचारले, "वास तं गेलता ना मांगच्या खेपेले? थे कसं?"

"जाईलच ना काका. हे पाहा." उमेरांनी विभूतीची चिमूट ताटलीत घेतली, वर लिंबाचे थेंब टाकले. फसफस करत फेस उसळला. "हा धुन्याचा सोडा हाये. किराना दुकानात मिळते. गरम पानी अन् सोडा, यानं मशीनीच्या आतला साचलेला मळ सुटला. महाराजानं मशीन धुतली. तेवढं काम इमानदारीनं केलं, त्याचे उपकार माना."

"मंग परत काहून आला वास?"

"कारन दार बंद ठेवाचं थ्यायनंच सांगितलं. ओल आत, अंधार आत, वरून काकीची झूल. अवदसेले दोरा बांधून घरातच ठेवली. वास आला नाई तं महाराजले बोलावनार कोन?"

त्यांनी दाराभोवतीच्या रबराची घडी बोटांनी उलगडली. आत काळा, बुळबुळीत थर. मग मशीनच्या पायाशी असलेली एक लहानशी झडप उघडली. या घरात ती आजवर कोणी उघडली नव्हती, ती उघडते हेही कोणाला माहीत नव्हते. खाली ताटली धरून उमेरांनी आतली जाळी फिरवून ओढली. जो दर्प सुटला त्याने पहिली रांग तिसऱ्या रांगेत गेली. जाळीला साबणाचा कुजलेला लगदा चिकटला होता, त्यात दोऱ्यांचे गुंते होते, आणि सुखीबाईंच्या भरतकामाच्या कांचळ्यांवरून, म्हणजे चोळ्यांवरून, निसटलेले गोल आरसे लगद्यातून लुकलुकत होते.

"महाराज," भीमसिंग निरागसपणे म्हणाला, "हीच का थे सूक्ष्म अंडी?"

महाराजांनी झोळीचे तोंड आवळले. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आहे आणि पोलीस ठाणे चौकापलीकडेच आहे, एवढे उमेरांनी सहज सांगितले, आणि भवचक्राचा तो जाणकार झोळी घेऊन फाटकाबाहेर पडला. उपरणे मागेच राहिले. रंजितासाठी बोलावलेली ऑटो गल्लीत उभी होती. त्याच ऑटोत बसून तो गेला.

उमेरांनी सगळे समजावून सांगितले. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त असे नसते. जास्तीची पावडर आत साचते, ओलीत कुजते, बुरशीला पोसते. कपडे धुऊन झाले की लगेच काढायचे, रबर कोरड्या फडक्याने पुसायचे, जाळी अधूनमधून धुवायची, महिन्यातून एकदा मशीन नुसत्या गरम पाण्यावर, थोडे लिंबूसत्त्व टाकून, रिकामे चालवायचे. "पन लिंबूसत्त्व अन् ब्लीचिंग पावडर कधीच एका जागी नाई. विषारी वायू होते. थे मात्र खरी अवदसा."

उत्तमसिंग उठले. उंबऱ्याजवळची बॅग त्यांनी स्वतः उचलली. "चाल पोरी, आत चाल."

रंजिता खांबापासून हलली नाही.

"बापू, इतके दिवस मले आयकू येत होतं, का हा वास मी आनला. सगळ्या गल्लीसमोर माह्या रुमालाले रगत म्हनलं. आता सगळ्यायसमोर सांगा, मी काय केलं होतं?"

हसणारे हसायचे थांबले. सुखीबाईंनी झूल दोन्ही हातांत धरली होती. आरशांच्या तुकड्यांतून दुपारचे ऊन अंगणभर सांडत होते. त्यांनी ती हळूहळू घडी घातली, आरसे आतल्या बाजूला.

"तुनं काई नाई केलं बाप्पा," त्या म्हणाल्या. मग आवाज वाढवून, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असे, "माह्या सुनेनं काई नाई केलं. मीच झाकून ठेवलं होतं. आयकलं ना सगळ्यायनं?"

तेव्हा रंजिता आत गेली. सासऱ्यांच्या हातातली बॅग मात्र तिने आपल्याच हातात घेतली.

वाचकहो, वास हा आत्मा नसतो. तो ओलीचा, मळाचा, बंद दाराचा निरोप असतो, आणि निरोप आला तर तो वाचायचा असतो, त्याच्यापुढे नारळ फोडायचा नसतो. कोणी पाण्याचा कौल घेऊन आला तर त्याला आधी स्वतःचे उपरणे बुडवायला सांगा. आणि घरात काही कुजू लागले, तर त्याचे खापर फोडायला घरातली एखादी बाई शोधण्याआधी वाका, झडप उघडा आणि हाताने चाचपून पाहा.